आत्याची कोठी

कोठीचं नाव निघालं की मला आधी आठवते ती घाण. गावातली पोरं हल्ली मोबाईलवर कोठीचं चित्र टाकतात, खाली लिहितात 'आपला वारसा'. चित्रातली कोठी पांढरीशुभ्र, पुढे निळं पाणी, वर बगळे. कुणी काढलं ते चित्र देव जाणे, कारण आमच्या खाडीचं पाणी निळं मी तरी कधी पाहिलं नाही. ते चिखलाचं होतं आणि भरतीला कोठीच्या मागच्या भिंतीवर धपधप आपटायचं. कोठी काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली. आत शिरलं की वाघळांचा उग्र वास, त्यात सुकत घातलेल्या जवळ्याचा वास, पावसाळ्यात ओल्या जाळ्यांचा वास, आणि कोपऱ्यात कुणाची तरी शेळी बांधलेली. फिरंग्यांनी बांधली असं म्हातारे सांगायचे. काय ठेवायचे तिच्यात ते कुणालाच माहीत नव्हतं. कुणी मीठ म्हणायचं, कुणी दारू, कुणी माणसं. दाराच्या कमानीवर दगडात एक जहाज कोरलेलं होतं आणि त्याखाली अक्षरं, जी गावात कुणालाच वाचता येत नव्हती. मला तर मराठीसुद्धा चौथीपर्यंतचं येतं. पण ते जहाज मी लहानपणी शिडी लावून बोटाने चाचपलं होतं. दोरखंडसुद्धा कोरलेले होते.

गेल्या महिन्यात गावच्या जुन्या पुढाऱ्याचा, गोमा पाटलाचा नातू आला होता. सोबत चार पोरं, सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टीशर्ट, छातीवर तेच चित्र. म्हणाला, "आबा, तुम्हीच एक उरलात कोठी पाहिलेले. आमच्या कार्यक्रमात दोन शब्द बोला." मी म्हटलं, दोन शिव्या देतो, चालतील का. तो हसला. त्याला वाटलं म्हातारा गमत्या आहे. मग म्हणाला की सोसायटीच्या गेटावर कोठीच्या कमानीसारखी कमान करणार आहोत, फायबरची, वर जहाज, आत लाइट. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. अगदी आजोबाचं तोंड. एसू असती तर तिने त्याला चहा देऊन, गोड बोलून वाटेला लावलं असतं. मला ते जमत नाही. एसू म्हणजे माझी बायको, यशोदा. ती गेली, आता घरात गोड बोलणारं कोणी नाही. मी दार लावून घेतलं आणि तिच्या रिकाम्या खाटेवर बसलो. ती नेहमी म्हणायची, "तोंडाने बोललात तर भांडन होतं, लिवा एकदा." म्हणून लिहितोय. गोड लिहिता येणार नाही, तेवढं सांगून ठेवतो.

कोठी गावाची होती, पण तिच्यात राहायची माझी आत्या. बापाची थोरली बहीण. तिचा नवरा होडीवरच ताप येऊन गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा ती आमच्या घरी परत आली. आमचं घर म्हणजे कुडाच्या भिंतींच्या दोन खोल्या. आत्या आली आणि येताच चूल हातात घेतली. कालवणात कोकमाचं आगळ किती, भाकरीचं पीठ किती, कोणाला कोणता तुकडा वाढायचा, सगळं ती ठरवणार. माझी आई मोठ्या घरातून आलेली, जिभेची तिखट. वर्षभर दोघींनी एकमेकींच्या मिठाची खोड काढली. कालवणात एक मीठ घालून गेली की दुसरी येऊन पुन्हा घालायची, आणि आम्ही ते खारट कालवण गुपचूप गिळायचो. शेवटी आईने एक दिवस पळी चुलीत टाकली आणि बापाला म्हणाली, "एक तर ही, नाय तर मी." माझा बाप भल्या वाऱ्यात होडी सरळ ठेवणारा माणूस, पण दोन बायांच्या मधे बसला की त्याची जीभ जायची. आत्यानेच आपलं गाठोडं उचललं आणि कोठीत जाऊन राहिली. त्यानंतर आई आणि ती बोलल्या नाहीत. वाटेत भेटल्या तर एक खाडीकडे बघायची आणि दुसरी डोंगराकडे.

कोठीत आत्याने पूर्वेच्या कोपऱ्यात फाटक्या शिडाचं कापड टांगून आपली खोली केली होती. मातीची चूल, दोन मडकी, एक कोयता, एक घोंगडी. होड्या किनाऱ्याला लागल्या की ती पाटी घेऊन उभी. बारीक मासळी, जवळा, मांदेली जे मिळेल ते घ्यायची, कोठीपुढच्या खळ्यावर सुकवायची आणि पनवेलच्या बाजारात चालत नेऊन विकायची. मी होडीवरून उतरलो की घरी जाण्याआधी तिच्याकडे जायचो. तेव्हा मला मिसरूड फुटत होतं, बापासोबत जाळं ओढत होतो, भूक राक्षसासारखी लागायची. ती निवट्या करायची. चिखलात टुणटुण उड्या मारणारे ते मासे लोक हलके समजतात, आई तर घरात आणू द्यायची नाही. आत्या राखेत घोळून त्यांचा चिकटपणा घालवायची, लसूण ठेचून, हिरवी मिरची, नुसत्या तेलावर. तांदळाची भाकरी हातावर थापायची, तव्यावर टाकताना तिच्या बांगडीचा आवाज व्हायचा नाही कारण हातात बांगडीच नव्हती. वर वाघळं कुजबुजायची, मागे पाणी आपटायचं आणि ती मला विचारायची, "घरात आज काय केलंय?" मी सांगायचो. मग ती म्हणायची, "त्यात चिंच कमी पडली असल." रोज. एक दिवस चुकलं नाही. आणि घरी गेलो की आई विचारायची, "खाऊन आयलास ना तिकडं? वासच येतोय." तीही रोज.

पावसाळा जवळ आला की सगळ्या गावाची जाळी कोठीत यायची. तेवढं मोठं छप्पर दुसरीकडे नव्हतंच. पुरुष तिथे बसून जाळी विणायचे, विड्या ओढायचे, आत्या सगळ्यांना काळा चहा करून द्यायची. गोमा पाटीलसुद्धा तिचा चहा प्यायचा. गोमा पाटील गावचा मोठा माणूस, पंचायत त्याच्या खिशात, तीन होड्या, मळक्या धोतरावर पांढरी टोपी. "आते, तुजा चहा म्हंजे कसा, मेलेला उठून बसल," असं म्हणायचा. मला हे सगळं मुद्दाम लिहायचं आहे. ज्यांनी पुढे जे काही केलं, त्या प्रत्येकाने तिचा चहा प्यायलेला होता.

एका उन्हाळ्यात मुंबईहून एक साहेब आला. बारीक, चष्मेवाला, हातात टेप. पुराण्या इमारती बघायचं सरकारी खातं असतं, त्यातला. बेलापूरच्या किल्ल्याकडे आला होता म्हणे, कुणी तरी सांगितलं म्हणून बांधावरून चिखल तुडवत आमच्याकडे आला. कोठी बघून त्याला आनंदच झाला. कमानीखाली उभा राहून नुसता वर बघत होता. भिंती मापल्या, अक्षरं कागदावर उतरून घेतली. जाताना गोमा पाटलाला म्हणाला, ही वास्तू फार जुनी, फार मोलाची आहे, मी मोठ्या साहेबांना घेऊन येतो, त्यांना पटलं तर सरकारच्या यादीत जाईल, संरक्षित होईल. मग कोणी एक दगड हलवू शकणार नाही. "पण आत कोणी राहता कामा नये," शिडाच्या कापडाकडे बघत म्हणाला. "हे सगळं काढावं लागेल."

माझा नातू अमेरिकेत ओहायो नावाच्या राज्यात असतो. तो मला फोनवर तिथल्या जुन्या घरांचे फोटो दाखवतो. लाकडी घर, लाल रंगाचं धान्याचं कोठार, जुनी गिरणी, गावातली एक अख्खी गल्ली, आणि प्रत्येकापुढे एक पाटी, की हे ऐतिहासिक आहे, याला हात लावू नका. त्या कोठाराचं वय विचारलं तर आमच्या कोठीपुढे ते शेंबडं पोर. मी त्याला विचारलं, "तिथं आत कोण राहायचं, त्यांना कुठं घातलं?" तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही पण ना." पाटीवर ते लिहीत नसावेत.

साहेब गेल्यावर गावात जसं काही लग्न ठरलं. गोमा पाटलाने देवळापुढे सगळ्यांना बसवलं. यादीत कोठी गेली की रस्ता येणार, रस्ता आला की मोरी, विजेचे दिवे, मुंबईची माणसं बघायला येणार, चहाची हॉटेलं निघणार, कोठीला सरकारी रखवालदार लागणार आणि तो गावातलाच असणार. प्रत्येकाला वाटलं आपलाच पोरगा रखवालदार. आत्या बायकांच्या मागे उभी होती. म्हणाली, "आनि मी कुठं जाऊ?"

मग गोमा पाटील म्हणाला, "आते, एका बाईच्या चुलीपायी सगला गाव अंधारात ठेवायचा काय? तुला भाऊ हाय, भावाचं घर हाय."

सगळ्यांनी आमच्याकडे बघितलं. आई ताडकन उठली. "माज्या घरात दोनच खोल्या हायत. आनि दुसरी बाई तिथं मावनार नाय, मी आधीच सांगून ठेवते." आणि निघून गेली. बाप पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. आत्या त्याला म्हणाली, "धर्म्या, बोल ना रे." बाप म्हणाला, "सरकार मागतंय बाय, आपन कोन नाय म्हननारं?" एवढंच बोलला. आत्या तिथून गेली ती कोठीत जाऊन चुलीपुढे बसली. मी गेलो तर भाकरी थापत होती, भाकरी फाटत होती, पुन्हा गोळा करून थापत होती. म्हणाली, "नाम्या, माज्या बापाच्या मयताला आयलेली मानसं हायत ही. ही मला बाहेर काढनार नायत. तू बघ." मला तेव्हा वाटलं, खरंच काढणार नाहीत.

मोठा साहेब येणार असं कळल्यावर कोठी सजवायची ठरली. वाघळं हाकलली, शेळ्या हलवल्या, खळं सारवलं. आणि माझा बाप, जो बहिणीसाठी एक शब्द बोलला नव्हता, त्याला एकदम हुरूप आला. त्याला बोलता येत नव्हतं पण हाताने करता येत होतं. म्हणाला, कोठीला तेल लावू. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे नवी होडी पाण्यात सोडायच्या आधी तिला मुशी माशाच्या, म्हणजे शार्कच्या, काळजाचं तेल चोळतात, नवरीला हळद लावतात तसं. बाहेरचा मोठा माणूस होडी बघायला येणार असेल तर कोरडी होडी दाखवणं हा त्याचा अपमान. तेल लावलेलं लाकूड काळंभोर चमकतं, खारं पाणी पीत नाही, किडा धरत नाही. मग एवढं मोठं सागवानी दार, एवढे खांब, ती कमान, तिला कोरडं ठेवायचं? गोमा पाटील म्हणाला, "धर्मा, बरोबर बोललास. साहेबाला दिसला पायजेल आमी कोठीला काय समजतो ते." घरोघरून तेलाची मडकी आली.

ते तेल ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. करंजा बंदराहून यायचं. मोठ्या मुशींची काळजं मडक्यात भरून उन्हात ठेवायची. ती सडतात, फुगतात, विरघळतात, वर पिवळं तेल येतं, खाली गाळ बसतो. आम्ही त्यातच वाढलो, आम्हाला तो वास होडीचा वास वाटायचा. एसू मात्र सांगायची की तिला लहानपणी त्याने ओकारी यायची आणि आई थोबाडीत मारायची. दोन दिवस सगळा गाव तेल चोळत होता. दाराला तीन हात दिले. खांबांना दिलं. बाप स्वतः शिडीवर चढला आणि कमानीवरच्या जहाजाला, त्या अक्षरांना, दोरखंडांना चिंधीने तेल पाजलं. आडवा हात मारायचा, मग उभा, मग फुंकर घालायचा. खाली शिडी धरून मी उभा होतो. दगड तेल पीत होता आणि काळा होत होता. बाप वरून म्हणाला, "बघ, आता कसा वाटतो. समुद्रात सोडलं तर चालल." मी त्याला इतका खूष कधी पाहिला नव्हता. आत्या कापडामागून बघत होती. तिला गावाने बजावून ठेवलं होतं की साहेब येईल तेव्हा दिसायचं नाही.

मोठा साहेब आला तेव्हा वैशाखाचं ऊन डोक्यावर होतं. गोरापान, जाडा, बुटावर चिखल लागला म्हणून आधीच कावलेला. बायका आरतीचं ताट घेऊन उभ्या, पोरं टाळ्या वाजवतायत, गोमा पाटील हार घेऊन पुढे. आणि उन्हात तापलेलं ते तेल भिंतीवरून ओघळत होतं. माश्या अशा बसल्या होत्या की दार हलतंय असं वाटत होतं. मोठ्या साहेबाने खळ्यावर पाय ठेवला आणि थांबला. रुमाल काढला. दोन पावलं पुढे आला, कमानीकडे बघितलं. जहाजात तेलाचा गाळ भरून त्यावर धूळ चिकटलेली, अक्षरांत मेलेल्या माश्या. त्याने आमच्या बारीक साहेबाकडे बघून इंग्रजीत काही तरी म्हटलं आणि कोठीच्या भिंतीला हात टेकून ओकला. हात टेकला तो तेलात. मग पुन्हा ओकला. गोमा पाटलाच्या हातातला हार तसाच. मागे कुणी तरी पोर फिसकन हसलं.

बारीक साहेबाचे डोळे भरून आले होते, ते मी जवळून पाहिलं. तो म्हणाला, "हे काय केलंत तुम्ही? दगडात मुरलं हे. आता कशानेही निघणार नाही. कोणी सांगितलं होतं?" आणि ज्या गावाने घरोघरून मडकी आणली होती, त्या सगळ्या गावाने बोट केलं माझ्या बापाकडे. एका क्षणात. गोमा पाटील सगळ्यात आधी. "ह्यो धर्मा. ह्याची बहीन आत ऱ्हाते ना साहेब, तिला काढू नये म्हनून मुद्दाम केलंन." बाप तोंड उघडून उभा राहिला. खरं बोलणं त्याच्या हातात होतं, सगळ्यांच्या बोटांना अजून तेल होतं, पण त्याच्या तोंडातून शब्द आला नाही. मी बोललो. "सगल्यांनी लावलंय! गोमाकाका, तुमच्या घरचं मडकं ते बघा तिथं पडलंय!" गोमा पाटलाने माझ्या कानफटात अशी मारली की मला खाडी दोन दिसायला लागल्या. साहेब लोक निघून गेले. शहाळी फोडून ठेवली होती, ती पोरांनी प्यायली.

कोठी यादीत जाणार नाही हे कळायला वेळ लागला नाही. आणि मग मी गाव म्हणजे काय ते पाहिलं. गोमा पाटील म्हणाला, सरकारला नको ना, मग कोठी गावाची. त्याला नवं घर बांधायचं होतं, जोत्याला दगड पाहिजे होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पहारी घेऊन माणसं आली. पहिलं दार गेलं. ते एसूच्या बापाने नेलं, सहा जणांच्या खांद्यावर, आणि कापून गुरांच्या गोठ्याला लावलं. एसू लग्नानंतर मला म्हणायची, "आमच्या घरात एक चोरीचं दार हाय, माज्या बापाला कदी देव म्हनू नका." मग खांब गेले. मग कौलं उतरवायला लागले. कोणी म्हणालं एकाने नेलं तर मी का नको. जो तो आपल्या घराकडे नेत होता. मुंग्या मेलेल्या झुरळाला नेतात तसं. हसत होते, एकमेकांना हात देत होते, कोणी तरी गाणं म्हणत होतं.

आणि आत्या आत होती. तिला कोणी जा म्हटलं नाही. मला वाटतं, म्हटलं असतं तर बरं झालं असतं. शिवी दिली असती, हाताला धरून ओढली असती, तर ती भांडली असती, तिची जीभ काही आईहून कमी नव्हती. पण कोणी तिच्याकडे बघितलंच नाही. ती चुलीपुढे बसली होती, भात लावला होता, आणि तिच्या भोवती कोठी कमी कमी होत होती. शिडाचं कापड कुणी तरी ओढून नेलं, कौलं बांधायला. तिच्या डोक्यावरची कौलं निघाली, ऊन थेट तिच्या पांढऱ्या डोक्यावर पडलं. चुन्याची धूळ, वाघळांची वाळलेली घाण, सगळं वरून तिच्या अंगावर. ती मडक्यावर झाकण धरून बसली होती. मग गोमा पाटलाचा भाऊ पहार घेऊन आला, तिच्या चुलीमागे एक मोठा घडवलेला दगड होता, पायरीचा, त्याला पहार लावून बघितली. आणि तिला म्हणाला, "आते, जरा सरक गो."

जरा सरक गो. बसायला जागा मागतात तसं. आणि ती सरकली. तेव्हाच माझ्या मनातून गाव उतरला. मी धावलो, त्याच्या अंगावर पडलो, तिघांनी मला धरून खळ्यावर फेकलं, तोंडात माती गेली. उठून बघतो तर बायकांच्या रांगेतून एक पोरगी, डोक्यावर कौलांची पाटी, ती थांबली होती. तिने पाटी खाली टाकली, सगळी कौलं फुटली, आणि जाऊन आत्याच्या शेजारी बसली आणि पदराने तिच्या डोक्यावरची धूळ झटकायला लागली. तिचा बाप ओरडला, "एसे, ऊठ तिथनं!" ती उठली नाही. त्या गावात बायको करण्यासारखी दुसरी पोरगी नव्हती, हे मला तेव्हाच कळलं. तिला हे मी कधी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं. तिच्या शेवटच्या दिवसांत नेरूळच्या दवाखान्यात तिच्या नाकात नळी होती आणि मी तिला इडली खा, इडली खा एवढंच म्हणत बसलो.

मी घरी पळालो. बाप ओटीवर बसला होता, जाळं मांडीवर, सुई हातात, टाका घालत नव्हता. आई आत मासळी कापत होती. मी सगळं सांगितलं. चुलीमागचा दगड काढतायत, डोक्यावर कौलं नाहीत, आत्याला सरक म्हणाले. बाप खाली बघत राहिला. आईचा कोयता थांबला. तिने हात धुतले नाहीत, तशीच उठली. कोठीवर पोचली आणि गर्दीतून सरळ आत गेली. गोमा पाटील म्हणाला, "काय गो, तुजा वाटा न्यायला आयलीस काय?" लोक हसले. आईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती आत्यापुढे उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या दोघी एकमेकींकडे बघत होत्या. आई म्हणाली, "चला वन्सं. इथं मानसं ऱ्हात नायत."

आत्या म्हणाली, "भात अर्धा कच्चा हाय गो."

आईने पदराचं टोक हाताला गुंडाळलं, चुलीवरून ते तापलेलं मडकं उचललं आणि चालायला लागली. मागे आत्या, हातात कोयता. तिच्या मागे एसू, आत्याची घोंगडी घेऊन. सगळा गाव पहारी धरून बघत होता. वाट त्यांनी आपोआप दिली. घरी आल्यावर आईने आपली भाकरी चुलीवरून उतरवली, आत्याचं मडकं ठेवलं आणि लाकडं सारली. आत्या पाटावर बसली, काय करावं ते तिला कळत नव्हतं. आई म्हणाली, "बघा, पानी पुरंल का अजून घालू?" आत्या वाकून बघत म्हणाली, "घाल वाईच." आईने घातलं. मीठ मात्र दोघींपैकी कोणीच घातलं नाही.

भात झाल्यावर आईने सगळ्यांना वाढला, एसूलाही थांबवून घेतलं. बाप ओटीवरून आत यायला तयार नव्हता. आई ताट घेऊन बाहेर गेली, त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "जेवा. सगल्यांना कोठीतला वाटा मिलाला, आपला ह्यो हाय." मग बाप ताट घेऊन आत आला आणि बहिणीच्या समोर बसला. झाकण कितीही धरलं तरी त्या भातात वरची धूळ गेली होती, चुना, कौलांचा चुरा, माती. पहिला घास घेतला आणि दाताखाली करकरलं. सगळ्यांच्याच. मी आत्याकडे बघितलं, आत्या बापाकडे बघत होती. बाप चावत होता. कोणी खडा काढून बाजूला ठेवला नाही. आम्ही तो सगळा भात संपवला.